जाळीच्या कपाटातला उडता साप

पावसाळा लागला की माझा उजवा गुडघा दुखतो. डॉक्टर नवा असला की विचारतो, "काका, कधी पडला होतात का?" मी म्हणतो, "हो, सापामुळं." तो बिचारा चावल्याची खूण शोधायला लागतो. मग मी खुलासा करतो की साप चावला तो अंगठ्याला, गुडघ्याचं कारण वेगळं. तो लिंबाच्या झाडावरून उडाला आणि मी त्याच्यामागं होतो. एवढं ऐकलं की डॉक्टर गुडघा सोडतो आणि रक्तदाबाचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळतो. आत्तापर्यंत असे तीन डॉक्टर झाले. म्हटलं एकदा लिहूनच काढावं. चौथ्याच्या हातात कागद द्यायचा आणि आपण गप्प बसायचं.

त्या वर्षी आमच्या सिरसाळ्याच्या पट्ट्यात पाऊस तोंड दाखवायलासुद्धा आला नव्हता. विहिरीत पोहरा सोडला की तो खडकावर ठण्णकन आदळायचा आणि शेजारच्या घरातून कुणीतरी विचारायचं, "न्हाई का?" माणसं पाझर तलावावर माती टाकायला जायची, जनावरं गावाबाहेरच्या छावणीत. जेवायला रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी. ती तुटत नसे, मोडावी लागे. सोबत मायचं येसराचं, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाचं, कालवण. मोडलेली भाकरी त्यात बुडवली की दोघं एकमेकांना सावरून घ्यायची. सकाळी तेच, रात्री तेच, पण ताट पुढं ओढताना माय दर वेळी विचारायची, "काय वाढू?" जसं काही आत चार पातेली झाकून ठेवलीत.

आमच्या घराचा पुढचा अर्धा भाग म्हणजे गावची दूध सोसायटी. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिचे सेक्रेटरी. त्यामुळं माझं लहानपण कॅनच्या झाकणांच्या खणखणाटात आणि आंबूस वासात गेलं; अजूनही कुठं पत्रा वाजला की मला भूक लागते. ही सोसायटी आप्पांनी दारोदार हिंडून उभी केली होती, आणि सगळं आटलं त्या वर्षी गावात वाहतं राहिलेलं तेवढं एकच होतं. छावणीतल्या हडकुळ्या म्हशी तांब्याभर दूध द्यायच्या, त्यावर घराघरांचं मीठ-मिरची चालायचं. चिलिंग सेंटरचा ट्रक रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या दारात थांबायचा. पण ज्या गावाच्या दुधात खोट निघाली, त्या गावावरून तो न थांबता जायला लागला होता. आसपासची दोन गावं अशी सुटली होती. म्हणून आप्पा ट्रकचा हॉर्न ऐकल्याशिवाय चहा घेत नसत. दुधात पाणी घातलेलं त्यांना वासावरूनच कळायचं. लॅक्टोमीटर ते फक्त समोरच्याला पटावं म्हणून बुडवायचे.

आणि मी? मी अंबाजोगाईहून सायन्सच्या पहिल्या वर्षात नापास होऊन आलो होतो. बेडूक चिरायच्या तासाला क्लोरोफॉर्म बेडकाला द्यायचा असतो. माझ्या वेळी मी टेबलाखाली झोपलो आणि बेडूक खिडकीतून बाहेर गेला. पण गावात तेवढ्यावर 'सायन्सवाला' झालो. रेडिओ बंद पडला, म्हैस गाभण राहीना, कुणाला उचकी लागली, की "दत्त्याला इचारा, त्यो सायन्स शिकलाय." मला येत नाही हे सांगायचं सोडून मी उत्तर द्यायचो. ही खोड अजून गेलेली नाही, घरात कुणालाही विचारा.

छावणीला सावली करायला बांबू आले ते रशीदभाईच्या ट्रकमधून. रशीदभाई परळीचा, वर्षभर कोळसा ओढणारा माणूस, त्या वर्षी कारवारकडच्या घाटातून बांबू घेऊन आला. गावातली माणसं सोसायटीसमोरच्या लिंबाखाली मोळ्या उतरवत होती. एक मोळी सुटली आणि तिच्यातून करंगळीएवढा जाड, दीड हात लांब साप निघाला. काळ्यावर पिवळट-हिरव्या नक्षीचा, आणि पाठीवर शेंदरी फुलं काढल्यासारखे ठिपके. कुणी ओरडायच्या आत तो लिंबाचं खोड चढला. वेटोळं नाही, काही नाही. सालीला पोटाचे खवले अडकवत सरळ वर, जिन्यानं जावं तसा.

"मार बे त्याला," सोसायटीचे चेअरमन म्हणाले. चेअरमन म्हणजे गावातली सगळ्यात मोठी जमीन आणि सगळ्यात मोठा पटका.

"कशानं मारू? वर हाय त्यो," खालून एक जण म्हणाला.

"अरे, उडता हाय त्यो. टाळू फोडतो," दुसरा म्हणाला, आणि झालं. आमच्याकडं ही समजूत फार जुनी. झाडावरचा साप म्हटलं की तो वरून येतो आणि नेमका टाळूवर टोचतो. माणसं कामावरून आली होती, प्रत्येकाच्या हातात घमेलं होतं. एका क्षणात लिंबाखालची सगळी माणसं घमेली डोक्यावर पालथी घालून खाली मान घालून बसली. चेअरमनकडं घमेलं नव्हतं, त्यांनी पटक्यावर मापाचं भांडं घातलं.

मी तेवढा वर बघत होतो. शौर्य नव्हे; माझ्याकडं घमेलं नव्हतं. साप फांदीच्या टोकाला आला, शेपटीनं धरून पुढचं अंग खाली सोडलं, गळाच्या आकड्यासारखं वाकवलं आणि झटक्यानं स्वतःला हवेत फेकलं. मला वाटलं आता आपटणार. पण हवेत त्यानं फासळ्या फाकवल्या, पोट आत ओढलं, आणि गोल साप चिरलेल्या बांबूसारखा चपटा झाला. मग हवेतच पोहल्यासारखा वळवळत, आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून तरंगत गेला आणि सोसायटीच्या पत्र्यावर उतरला. पत्र्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बघितलं फक्त मी.

"आप्पा, उडाला," मी म्हणालो.

आप्पांनी दारातून विचारलं, "कुणी बघितलं?"

"मी."

"तूच?" आप्पा म्हणाले आणि कॅनचं झाकण लावायला आत गेले.

पत्र्यावरून मी त्याला धरला हे खरं, पण धरला म्हणजे त्यानं मला धरलं. मी लोकांना समजावून सांगत होतो की याचे विषाचे दात पार मागं असतात, पालीला पुरतं, माणसाला काही होत नाही. आणि तो त्या वेळी माझ्या अंगठ्याला लोंबकळत होता. सगळं गाव मी केव्हा पडतो ते बघत उभं राहिलं. एकानं, मी गेल्यावर माझी सायकल तशीच गंजायची नाही ना, एवढी आपुलकीनं चौकशीसुद्धा केली. माझा अंगठा जरासा सुजला, आणि संध्याकाळी मी नेहमीसारखा जेवलो, तेव्हा काही लोकांचा थोडा हिरमोड झाला.

रशीदभाई मात्र खरंच ओशाळला होता. "माझ्याच गाडीतनं आला बिचारा," तो म्हणाला. "जंगलचा जीव हाय, हितं कोरड्यात मरंल. दत्ताभाई, पंचमीच्या टायमाला मी दुसरी खेप टाकतो. तवर जगवा त्याला. मैं लेको जातूं, घाटात सोडतो."

मी लगेच हो म्हणालो. चेअरमननी बजावलं, की गावात कुणाच्या टाळूला धक्का लागला तर जबाबदार मी. आप्पांनी एवढंच सांगितलं, "दत्त्या, काय पाळायचं ती पाळ. पर सोसायटीच्या दुधावर त्याची सावली पडाया नको."

त्यांचे शब्द मला अजून तोंडपाठ आहेत. त्या वेळीच पाठ केले असते तर बरं झालं असतं.

पहिल्या दिवशी मी त्याला पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि डबा उन्हात. सायन्स! दुपारी डब्याला हात लावला तर चटका बसला. आत साप दोरीसारखा पडला होता. सावलीत ओलं फडकं घातलं तेव्हा घटकाभरानं त्यानं डोळा फिरवला. मोठा, गोल डोळा, आणि त्यात माझ्याबद्दल जे मत दिसलं ते कॉलेजातल्या मास्तरांच्या मतापेक्षा वेगळं नव्हतं. मग मला मायचं जाळीचं कपाट आठवलं. दूध-दही ठेवायचं, मांजर शिरू नये म्हणून चारी बाजूंनी जाळी. त्या वर्षी त्यात काहीच नव्हतं.

"कपाट न्हेतोस?" माय म्हणाली. "न्हे. रिकामं बघून मला बी वाईट वाटतंय. निदान कायतरी ठिवल्यावाणी दिसंल."

लिंबाची फांदी तोडून आत उभी केली. साप तिच्यावर जाऊन बसला, आणि स्वयंपाकघरात, चुलीपासून चार हातांवर, आमचा पाहुणा राहायला लागला. दिवसा जागा, दिवस मावळला की घडी करून झोपलेला. माणसासारख्या सवयी. माय म्हणायची, घरात वेळेवर झोपणारा तो एकटाच आहे.

खाण्याचा प्रश्न बिकट निघाला. याला पाली लागतात, आणि त्याही चालत्या. मेलेली पाल पुढं टाकली तर तो तोंड फिरवायचा. मी केरसुणी घेऊन पाली धरायला निघालो. पहिले चार दिवस माझ्या हातात नुसत्या शेपट्या आल्या. त्या वळवळत होत्या म्हणून मी त्याच आत टाकल्या, सापानं त्यांच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. पुढं हात बसला. त्यातही तो कुणी बघत असलं की खायचा नाही; आम्ही दोघं, माय आणि मी, पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसायचो. गावातल्या बायकांना हे कळलं आणि बोलावणी यायला लागली. "दत्ता, आमच्या देव्हाऱ्यामागं एक लई माजलीय, घिऊन जा." वर्षभर ज्यांनी मला नापास म्हणून हसून घेतलं, त्या आता मला चहा विचारायच्या. महिन्याभरात गावातल्या पाली ओसरल्या. त्याचा एक परिणाम मला सुचलाच नव्हता. आमच्या घरात बोलताना पाल चुकचुकली की बोलणं खरं धरायचं. माय बोटानं जमीन ठोकायची आणि "कृष्ण कृष्ण" म्हणायची. आता पालच नाही. आप्पा म्हणायचे, "म्हयना झाला, ह्या घरात कुणी खरं बोललं न्हाई."

पाण्याचं तर विचारूच नका. वाटी भरून ठेवली, त्यानं ढुंकून बघितलं नाही. टँकरच्या पाण्याची वाटी, तीही सापासाठी. माय रोज ती वाटी बघायची आणि तेच पाणी तुळशीला घालायची. साप सुकत चालला. अंगावरची चमक गेली, कात सुटायला आलेली पण सुटेना. मला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे मी कुणाला सांगत नव्हतो. मग एका सकाळी मायच्या मनात आलं की अंघोळ नसलेलं जनावर चुलीजवळ बसलंय, कपाट शुद्ध करावं. तिनं तुळशीला घातलेल्यातलं उरलेलं ओंजळभर पाणी, तोंडानं काहीतरी पुटपुटत, कपाटावर शिंपडलं. साप सरसर पुढं आला आणि लिंबाच्या पानावरचे थेंब एकेक करून प्यायला लागला. पानावरचे झाले, मग जाळीवरचे.

"वाटीतलं कसं पील त्यो," माय म्हणाली, "झाडावरचा जीव. झाडाला काय वाट्या टांगल्यात?"

तेव्हापासून रोज सकाळी शुद्धीकरण व्हायला लागलं. पाचव्या दिवशी अख्खी कात उतरली, आणि खालून असा रंग निघाला की बघायला बायकांची रांग लागली. त्या रांगेतच कुणीतरी म्हणालं, "पंचमी आलीय. खरा नाग सोडून चित्र कावून पुजायचं?"

मी म्हणालो की हा नाग नाही. पण पटवायला मी जे जे सांगितलं, त्यानं त्यांचा विश्वास वाढतच गेला. उडतो? मग देवाचाच. दूध पीत नाही? मग उपास असणार.

पंचमीच्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात सगळं गाव लोटलं. माहेरवाशिणी, सासुरवाशिणी, हळद-कुंकू, लाह्या, आणि प्रत्येकीच्या हातात वाटीभर दूध. साप फांदीवर वरच्या टोकाला जाऊन बसला. कपाटासमोर वाट्यांची आरास झाली, आणि वाहिलेलं हळद-कुंकू, लाह्या सगळं त्या वाट्यांतच पडलं. बाहेर सोसायटीत आप्पा कॅनमध्ये वाकून बघत होते. कॅन अर्धाच होता. "सणाचं दूध घरातच राहतंय," ते स्वतःशीच म्हणाले, "पर सेंटरला काय सांगू?" त्यांचा तो चेहरा मी दारातून बघितला.

आता वाचकानं माझ्या जागी उभं राहावं. आत देवाला नको असलेलं पातेलंभर दूध. बाहेर अर्धा कॅन आणि बापाचा उतरलेला चेहरा. दूध ओतून देणं हे पाप, दुष्काळात तर महापाप. आणि साप दूध पीतच नाही हे गावात फक्त मला पटलेलं. मी सायन्सवाला. बायका गेल्यावर सगळ्या वाट्या पातेल्यात ओतल्या, माझ्या बनियननं लाह्या गाळून घेतल्या, आणि आप्पा हात धुवायला गेले तेवढ्यात पातेलं कॅनमध्ये रिकामं केलं. लाह्या गाळल्या जातात. हळद-कुंकू गाळलं जात नाही. पण संध्याकाळची वेळ, कॅनच्या तळात अंधार. मला ते दूध पांढरंशुभ्र दिसलं. आप्पा परत आले, कॅन भरलेला बघून थबकले. "देवानं लाज राखली," ते म्हणाले. मी नम्रपणे मान खाली घातली, आणि संध्याकाळच्या ट्रकनं कॅन सेंटरला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्न वाजला, पण ट्रकमधून हमालाऐवजी चिलिंग सेंटरचे साहेब उतरले. हातात बाटली होती आणि बाटलीतलं दूध गुलाबी होतं. अगदी लग्नातल्या सरबतासारखं.

"सेक्रेटरी, हा रंग कसला?" साहेबांनी विचारलं.

आप्पांनी बाटली घेतली, उजेडात धरली, वास घेतला. "दूध चोख हाय साहेब," ते म्हणाले. "रंग मला माहीत न्हाई. पर कॅन माझ्या ताब्यात व्हता. सोसायटी गावाची हाय, चूक माझी धरा. मी आजच राजीनामा देतो."

तोपर्यंत चेअरमन आणि निम्मं गाव जमलं होतं. मी पुढं झालो आणि पातेलं, बनियन, लाह्या, सगळं सांगून टाकलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

साहेब शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुमच्या घरात उडता साप आहे. गावातल्या बायकांनी त्याची पूजा केली. ते दूध तुम्ही बनियननं गाळून कॅनमध्ये ओतलं."

"हो साहेब."

"भेसळीची कारणं मी बरीच ऐकलीत. असलं नाही ऐकलं." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "साप दाखवा. उडताना दाखवलात तर तुमचं खरं धरीन आणि हे एक वेळ पोटात घालीन. नाहीतर उद्यापासून ट्रक या गावात थांबणार नाही."

चौघांनी कपाट उचलून लिंबाखाली आणलं. त्याच वेळी रशीदभाईचा ट्रक छावणीकडं बांबूची दुसरी खेप टाकून परत येत होता, तोही येऊन उभा राहिला. मी दार उघडलं. साप बाहेर आला, लिंब चढला, मोठ्या फांदीच्या टोकाला जाऊन बसला. आणि बसूनच राहिला. ऊन खात. लोक डोक्यावर घमेली घालून भिंतींना चिकटून बसले होते. आप्पांनी रीत म्हणून साहेबांच्या डोक्यावर कॅनचं झाकण धरलं. साहेबांचा चहा झाला. दुसरा चहा झाला. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"दत्त्या, हाल जरा," चेअरमन मापाच्या भांड्याखालून म्हणाले.

मी झाडावर चढलो. बेत असा की मागून फांदी हलवायची. सापाचं वजन पावशेर, माझं मिलो खाऊनसुद्धा दीड मण. हा हिशेब त्या वेळी केला नाही. फांदीवर सरकत सरकत सापापासून हातभर अंतरावर आलो. तो वळून माझ्याकडं बघायला लागला. फांदी करकरली. सापाला ते माझ्या आधी कळलं. त्यानं अंग खाली सोडलं, आकडा केला, आणि मी वरून ओरडलो, "साहेब, बघा, बघा," आणि खाली पाहिलं तर साठ-सत्तर घमेली. एकही तोंड नाही. ओरडणं ऐकून सगळ्यांनी माना अजून आत घेतल्या. साहेब झाकणाखाली उकिडवे बसले होते.

साप गेला आणि फांदी मोडली. तो पुढं आणि मी खाली. पडताना मला तो दिसत होता, चपटा, वळवळत, उन्हात झगमगत चाललेला. आणि मग मला कडब्याची पेंढी दिसली, आणि तिच्या शेजारचा दगड, ज्याच्यावर माझा उजवा गुडघा टेकला.

घमेली हळूहळू वर झाली.

"उडाला का?" साहेबांनी झाकण बाजूला करत विचारलं.

"उडाला," मी पडल्या जागेवरून म्हणालो.

"कुणी बघितलं?"

सगळे घमेल्यांतली माती झाडायला लागले. आप्पासुद्धा झाकण धरून खाली बघत होते. तेवढ्यात दारातून माय म्हणाली, "म्या बघितलं." तिच्या डोक्यावर पदर होता, घमेलं नव्हतं. ज्याला रोज सकाळी पाणी शिंपडलं, त्याच्यासमोर डोकं कशाला झाकायचं, असं ती पुढं म्हणायची. "हितनं सुटला, पोट आत घेतलं, पट्टीवाणी झाला, आन् त्या छपरावर बसला." तिनं रस्त्यापलीकडं, छावणीच्या वाटेवर घातलेल्या नव्या बांबूच्या मांडवाकडं बोट केलं. साप खरंच तिथं होता, आडव्या बांबूवर, दम घेत.

साहेब म्हणाले, "आई तुमची. त्या तुमच्याच बाजूनं सांगणार."

मग आप्पा उठले. माझ्याकडं न बघता झाडाच्या बुंध्यापाशी गेले आणि तिथून मांडवापर्यंत वाकून चालत गेले. अंगण मायनं सकाळीच झाडलं होतं, आणि पुढं रस्त्यावर ट्रकच्या चाकांनी पिठासारखा केलेला फुफाटा होता. त्या फुफाट्यात मुंगी चालली तरी रेघ उमटायची. "साहेब," आप्पा म्हणाले, "जिमिनीवरनं गेला असता तर माग दिसला असता. बघून घ्या." साहेबांनी चष्मा काढून पुसला, घातला, आणि तेही वाकून गेले. नुसती त्या दोघांच्या पावलांची खूण. दोन्ही बाजूंनी बघितलं. मग वर बघितलं आणि लगबगीनं झाकण परत डोक्यावर घेतलं.

"पुढच्या पंचमीला," निघताना ते आप्पांना म्हणाले, "दूध गाळायचं फडकं तरी सोसायटीचं वापरा."

रशीदभाईनं लांब बांबू मांडवाला लावला. साप ओळखीच्या वस्तूवर यावं तसा त्याच्यावर आला आणि पेरांना गुंडाळून बसला. रशीदभाईनं बांबू सापासकट पोत्यात सरकवला, मायनं पोत्यावर चार थेंब शिंपडले, आणि गाडी घाटाकडं गेली. पुढच्या खेपेला त्यानं सांगितलं, की पोतं उघडलं तर मागं वळूनसुद्धा न बघता झाड चढला. मला थोडं वाईट वाटलं. वळून बघायला काय जात होतं?

परवा नातवानं मोबाईलवर असाच साप दाखवला. मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी त्याचं चित्रण केलंय, आणि ते म्हणतात की हा काही उडत नाही. पडतोच, पण अंग असं धरतो की पडणं लांबत जातं. नातवाला वाटलं मला धक्का बसेल. मला हे पडलो त्याच संध्याकाळी कळलं होतं. माय माझ्या गुडघ्यावर गरम हळद बांधत होती, आप्पा भिंतीला टेकून बसले होते. दिवसभर त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नव्हता.

"एका फांदीवरनं दोघंबी पडलाव," माय म्हणाली.

"तो उडाला, माय."

"कशाचा उडाला. पडलाच त्यो. पर कुटं पडायचं ती आदी बघून पडला. तू नुसताच पडलास."

आढ्याजवळ कुठंतरी एक पाल चुकचुकली. महिन्याभरातली पहिली. मायनं बोटानं जमीन ठोकली, "कृष्ण कृष्ण." आप्पा आधी गालात हसले, मग मोठ्यानं, आणि डोळे पुसत म्हणाले, "चला. घरात कुणीतरी खरं बोललं." माझा हात सवयीनं केरसुणीकडं गेला होता, तो मी हळूच मागं घेतला.

मायनं माझ्यापुढं ताट ओढलं आणि विचारलं, "काय वाढू?"